लाल ठिपका

वस्तीतल्या पाटीवर सुमेधच्या नावापुढे यंदाही हिरवाच ठिपका उमटला, आणि कुसुम चरफडली. कोणती पोरं टोळीत शिरतील, हे सरकारी कॅमेरे आधीच हेरायचे. त्यांच्या नावापुढे लाल ठिपका पडायचा आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून आयटीआयच्या जागाही त्यांनाच मिळायच्या. सरळ पोराला ठेंगा!

"चार दिवस बंट्याच्या टोळीबरोबर नाक्यावर उभा राहा," ती लेकाला म्हणाली. "कॅमेऱ्याला दिसलास की झालं."

"आई, मला भीती वाटते त्यांची."

"नुसतं उभं तर राहायचंय!"

नवव्या दिवशी ठिपका लाल झाला. प्रवेशाचं पत्र घेऊन ती नाक्यावर धावली. सुमेधनं ते न वाचताच परत दिलं. शर्टाखालचा कोयता सावरत तो म्हणाला, "आता नाही वाटत भीती. तू घरी जा, आई."