वीस मिनिटं

“बॅज कुठे विसरला होतात, ते नीट आठवून सांगा, मावशी,” सुरक्षा अधिकारी म्हणाला.

“कुठेच नाही विसरले,” सफाईचं काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या होत्या. बोलावणं आलं तेव्हा जिना अर्धाच पुसून झाला होता. ओल्या जिन्यावरून कुणीतरी बूट घालून जाणार, याचीच त्यांना जास्त काळजी होती.

टेबलावर तिमाही अहवाल पडला होता. या सरकारी प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी पदार्थांवर काम चालायचं, म्हणून प्रत्येकाला छातीवर लावायला एक बॅज दिलेला असे. अंगावर किती किरणं पडली, ते त्यावरून कळायचं. दर तीन महिन्यांनी बॅज बाहेर तपासायला जात आणि आकडे येत. आकडे कायम शून्य. गेल्या वर्षी त्याबद्दल वरून अभिनंदनाचं पत्र आलं होतं आणि संचालकांनी ते चौकटीत बसवून घेतलं होतं. मावशींना बॅज या वेळी पहिल्यांदाच मिळाला होता, तोही सफाईवाल्यांना बॅज का नाही, अशी वरच्या कार्यालयातल्या कुणीतरी एक ओळीची शंका काढली म्हणून. आता एकेचाळीस शून्यांच्या खाली मावशींचा आकडा होता. मर्यादेच्या दीडपट.

संचालकांचा फोन सकाळीच येऊन गेला होता. “सफाईवाल्या बाईंचा एक बॅज, त्याचं एवढं काय? हाताळणीत चूक झाली म्हणून लिहा आणि त्यांची सही घेऊन मोकळे व्हा. सोमवारी समिती येतेय.”

कागद तयार होता. सही करायची तेवढी जागा कोरी होती.

“एखाद दिवस यंत्राजवळ राहिला असेल,” अधिकाऱ्याने पुन्हा सुचवलं. “होतं असं. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही.”

“साहेब, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? गेटातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत छातीवर. मी पदराला दोन पिना लावून ठेवते. मोजणीच्या खोलीतल्या लोकांसारखा खणात नाही ठेवत.”

“कुठल्या खणात?”

“त्यांच्या जेवणाच्या खोलीतल्या टेबलाच्या, पार दुसऱ्या टोकाला. सगळ्यांचे तिथेच असतात, रबर लावून. मी रोज धूळ पुसते की त्यांच्यावरची.”

नमुन्यांची मोजणी चाले त्या खोलीत सहा जण बसत. त्यातली एक अधिकाऱ्याची धाकटी बहीण होती. ज्याचा आकडा वाढेल, त्याला वर्षभर कामावरून बाजूला करायचं असा नियम होता, आणि एक माणूस बाजूला झालं की प्रकल्प लटकत असे. बॅज लावू नका, असं विभागप्रमुख कधीच म्हणाले नव्हते. ते इतकंच म्हणाले होते, की बॅज हरवतात, तेव्हा जपून ठेवत चला.

“तुम्ही त्या खोलीत किती वेळ असता, मावशी?”

“कितीसा असणार? वीस मिनिटं. ते लोक बसल्या बसल्या पाय वर उचलतात, मी खालून फडकं फिरवते आणि निघते.”

त्याने कागदाच्या कोपऱ्यावर आकडेमोड सुरू केली. मावशींची वीस मिनिटं आणि तिथे बसणाऱ्यांचे आठ तास. गुणाकार पुरा न करताच त्याने पेन ठेवलं, कपाटातून किरणं मोजायचा मीटर काढला आणि तो जिन्याकडे धावला. “ओलं आहे,” मावशी मागून म्हणाल्या.

खोलीच्या दारातच मीटर कटकटू लागला. खुर्च्यांपाशी त्याचा काटा टोकाला गेला. भिंतीपलीकडे किरणोत्सर्गी पदार्थांची कोठी होती. दीड वर्षापूर्वी वायरिंग बदलताना त्या भिंतीवरचा किरणं अडवणारा शिशाचा पत्रा काढला होता. पत्रा परत बसवून काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर तिघांच्या सह्या होत्या. पत्रा मात्र त्या संध्याकाळी जिन्याखाली सापडला, भिंतीला टेकवून ठेवलेला. दर महिन्याला खोलीतली किरणं मोजायची, असंही नियमात होतं. पण बॅज शून्य दाखवत होते, त्यामुळे मोजायची गरज कुणाला वाटली नव्हती. त्यालाही नाही.

“सगळे बाहेर या,” तो म्हणाला. “आत्ता.”

“दादा, मोजणी अर्ध्यावर आलीये,” बहीण स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. “आज थांबवली तर दोन महिन्यांचं काम पाण्यात जाईल.”

“जाऊ दे पाण्यात. ऊठ.”

त्याचा आवाज ऐकून ती उठली. बाकीचेही उठले. त्याने दाराला कुलूप लावलं, त्यावर चिठ्ठी डकवली आणि संचालकांना फोन करून दोनच वाक्यांत सांगितलं. सोमवारच्या समितीचं काय, असं त्यांनी विचारलं. समितीला हेच दाखवू, असं म्हणून त्याने फोन ठेवला. मग टेबलावरचा तयार कागद त्याने उभा-आडवा फाडला.

सहाही जणांना वैद्यकीय तपासणीला पाठवायचं ठरलं. बाकीचे पुढे गेले. बहीण त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मघाचा हट्ट आता तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

“दादा, माझ्या अंगावर किती गेलं असेल?”

त्याने तिची फाइल काढली. तीन वर्षांच्या बारा ओळी. बाराही ओळींत शून्य, आणि प्रत्येक शून्याशेजारी त्याची स्वतःची सही. तो ती पानं बराच वेळ पुढेमागे करत राहिला.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “इथे फक्त मावशींचा आकडा माहीत आहे.”