शहाळ्याचा उपचार

"मानवी शरीराला यापुढे काहीही लपवता येणार नाही!" नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्या डिग्रजकरबाईंनी सकाळी विद्यापीठाच्या साहेबांसमोर जाहीर केले, टेबलावरच्या नव्या यंत्र-पट्ट्याच्या वायरीत पाय अडकून त्या खुर्चीत कोसळल्या आणि साहेबांशेजारी बसल्या त्या बसल्याच.

रुग्णाला जे होई ते या पट्ट्यातून नर्सलाही जाणवे. दुपारी शेवटच्या परीक्षेत शबानाने एक पट्टा स्वतःला बांधला, दुसरा पलंगावरच्या द्वारकाबाईंना.

"काय त्रास होतोय, मावशी?"

"कुठं काय? मस्त आहे की!" उशाशी जावई बसले होते.

शबानाच्या ओटीपोटात मात्र कळ आली. मावशींना केव्हाची लघवीला लागली होती आणि जावयासमोर त्या जीव गेला तरी बोलणार नव्हत्या.

"काय होतंय ते मोठ्याने सांग, नाहीतर नापास," साहेब म्हणाले.

शबाना जावयाकडे वळली. "दादा, मावशींना शहाळं द्यायचंय. तुम्हीच बघून आणा, कोवळं."

जावई गेले. तिने पडदा ओढला, बेडपॅन दिला. आतून आवाज आला, "सुटले गं बाई!"

साहेबांनी शेरा लिहायला पेन उघडले. प्राचार्यांनी ते काढून घेतले. "पट्ट्याला नुसतं कळतं, साहेब. हिला वागताही येतं. पूर्ण गुण!"

मग शबानाला जवळ ओढून त्या कानात म्हणाल्या, "आता साहेबांनाही शहाळं आणायला पाठव ना गं. मलाही सकाळपासून लागलीय."