टिकणारी डीव्हीडी

स्वस्तातल्या दोन डिस्क बर्न होता होताच अडकल्या, तेव्हा वेदिकाने नाशिक रोडचं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं.

"काका, लग्नाचा व्हिडिओ आहे. चांगल्यातल्या कोऱ्या डीव्हीडी द्या. पंचवीस वर्षं टिकायला हव्यात."

दुकानदार हसले. "आता डीव्हीडी बघतं कोण? पेनड्राइव्ह घे."

"नवरीला डीव्हीडीच लावता येते. रौप्यमहोत्सवाला हीच बघणार म्हणते."

काकांनी वरच्या फळीवरून सीलबंद डबा काढला. "ह्या ने. कमी स्पीडवर बर्न कर, म्हणजे टिकतील. ताईचं लग्न का?"

वेदिकाला हसू आवरेना. "नाही काका, आजीचं! परवाच झालं. करवली मीच होते. नवे आजोबा तर पन्नास वर्षं टिकणाऱ्याच आण म्हणत होते."