ओकच्या झाडावरचा कॅमेरा

वनखात्याच्या साहेबांनो, रानमांजरीला पिल्लं होणार म्हणून साखळी लावून डोंगराचा रस्ता तुम्ही बंद केलात, आणि वर एक बाई राहते याची साधी चौकशीसुद्धा केली नाहीत. गुरुवारची पावाची गाडी थांबली. इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या त्या डोंगरात बोनारियामावशीशी बोलणारा माणूस तेवढाच होता, तो गाडीवाला.

मग जनावरं टिपायला तुम्ही तिच्या दारच्या ओकला कॅमेरा बांधलात. मावशी रोज संध्याकाळी केस विंचरून, धुतलेला रुमाल डोक्याला बांधून त्याच्यासमोर उभी राहायची. गिधाडं किती आली, रानमेंढ्या कुठे उतरल्या, सगळं सांगायची. शेवटी विचारायची, "साखळी कधी काढताय?"

चार महिन्यांनी वनरक्षक गाविनो कॅमेऱ्याचं कार्ड बदलायला चढून आला.

"काय रे, ऐकतात ना तिकडे माझं?"

"काय ऐकतात, मावशी?"

"रोज बोलते ते! मेल्या, थट्टा करतोस होय?"

गाविनो थट्टा करत नव्हता. "अगं, एवढे व्हिडिओ कोण बघत बसणार? मशीनच निवडतं. कोल्हा, डुक्कर, मांजर दिसलं तर ठेवतं. जनावर नसलं की रिकामा म्हणून पुसून टाकतं."

"आणि मी असले तर?"

गाविनोने खाली मान घालून नवं कार्ड बसवलं आणि तो उतरून गेला.

मावशी गोठ्यात गेली. उरलेली एकुलती एक शेळी उचलून तिने छातीशी धरली आणि कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"घ्या, आता आहे जनावर. साखळी कधी काढताय? द्या उत्तर."