शेजारची खुर्ची

द्वेषाचे व्हिडिओ पसरवणाऱ्या गटात एकोणीस वर्षांचा परेश सापडला, तेव्हा पोलिसांनी त्याला पनवेलच्या समुपदेशक सुमतीताईंकडे पाठवलं. तो खरंच कुणाच्या जिवावर उठेल का, हे ताईंना ठरवायचं होतं. शेजारी त्याची आई सोनाबाई बसली होती, मासळीबाजारातून तशीच आलेली. "त्या गटात तुला काय मिळतं?" ताईंनी विचारलं. "ते मला वाघ म्हनतात," परेश म्हणाला. "कॉलेजात कोनी जवळ बसत नाय. मासळीचा वास येतो म्हने." सोनाबाईला हे ठाऊकच नव्हतं. तिने आपली खुर्ची हळूच लांब सरकवली. परेशने हात लांबवून ती पुन्हा जवळ ओढली. "आये, तू नको लांब जाऊ," म्हणत तो रडू लागला. "ताई, रविवारी ते मला हत्यार देनार हायेत. मला नाय जायचं." सोनाबाईने त्याचा हात धरला. मग त्याने गटातल्या लोकांची नावं सांगितली.