ठेवायचं की काढायचं

'काढून टाका', एवढे दोनच शब्द लिहायचे होते. ते त्याने लिहिलेही. पाठवायला मात्र बोट पुढे होत नव्हतं.

नोटीस सकाळीच येऊन पडली होती. लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम. ठिकठिकाणचे हौशी लोक तिच्यासाठी लहानमोठे प्रोग्रॅम लिहितात, त्यांची पॅकेजं बांधतात आणि पोटच्या पोरासारखी सांभाळतात. त्यातलं एक पॅकेज याचं. साधी फाइल घ्यायची आणि ब्रेल छापणाऱ्या जुन्या मशीनला कळेल अशी करून द्यायची, एवढंच त्याचं काम. हा सगळा संग्रह राखणाऱ्या मंडळींनी नोटिशीत लिहिलं होतं की चार वर्षांत या पॅकेजबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही, म्हणजे ते कुणी वापरत नसावं. ठेवायचं की काढायचं, ते आज संध्याकाळी सहापर्यंत कळवा.

खोटं काय होतं त्यात? अकरा वर्षांपूर्वी त्याने ते आपल्या ताईसाठी लिहिलं होतं. ताईला दिसत नव्हतं, आणि वाचायचं वेड असं की ताटातलं जेवण गार व्हायचं. पाणीपुरवठा खात्यातली नोकरी सांभाळून, एकेक रविवार घालून त्याने ते पुरं केलं. ताई दर आठवड्याला त्यात काहीतरी खोट काढायची आणि हा कुरकुरत दुरुस्त करायचा. तिला जाऊन चार वर्षं झाली. बायको म्हणायची, अहो, जिच्यासाठी केलंत ती गेली, आता कुणासाठी डोळे फोडून घेताय? ताईसाठी केलेलं आणि अजून चालू असलेलं एवढंच काय ते उरलं होतं. पण हे काय कुणाला सांगण्यासारखं कारण आहे?

तेवढ्यात ईमेल आला. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. आज कॉम्प्युटर नवा आला, त्यावर तुमचं पॅकेज बसत नाही, सोमवारी परीक्षा आहे, चौतीस मुलांच्या प्रश्नपत्रिका छापायच्या आहेत, लगेच काहीतरी करा. खाली अंध मुलांच्या शाळेतल्या छपाईच्या बाईंचा फोन नंबर. सोबत पडद्याचा फोटो, आणि त्यात जी ओळ दिसायला हवी नेमकी तीच अर्धी कापलेली.

दुसरा कुणी वैतागला असता. हा इतका हरखला की बायकोने विचारलं, लॉटरी लागली का? तक्रार आलीय, त्याने सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

त्याने लगेच आपल्या कॉम्प्युटरवर पॅकेज टाकून पाहिलं. झटक्यात बसलं. 'माझ्याकडे तर चालतंय', असं त्याने कळवून टाकलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या जमातीत याहून बिनकामाचं वाक्य नाही, आणि ते म्हटल्याशिवाय कुणाला राहवतही नाही. बाईंचं उत्तर मिनिटात आलं: 'तुमच्याकडे परीक्षा नाही.'

बरोबरच होतं बाईंचं. तो वरमला आणि त्याने सगळी ओळ कॉपी करून पाठवायची विनंती केली. ती आल्यावर उजेड पडला. त्याचं पॅकेज एका जुन्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या तुकड्यावर उभं होतं. नव्या सिस्टिममधून तो तुकडा गेला होता. याच्या कॉम्प्युटरवर तो वर्षानुवर्षं पडून होता, म्हणून याचं घोडं कुठे अडलं नव्हतं.

बिघाड स्वतः पाहायला कोरी सिस्टिम हवी होती. त्याने ती पेनड्राइव्हवर घेतली आणि बायकोच्या लॅपटॉपवर चालवली. माझ्या फोटोंना धक्का लागला तर घरात घेणार नाही, असा दम तिने दिला आणि चहा मात्र शेजारी आणून ठेवला. तिथे पॅकेज बसेना, तेव्हा त्याला हायसं वाटलं. दोष सापडला म्हणजे अर्धं काम झालं. जुन्या लायब्ररीच्या जागी नवी लावून त्याने पॅकेज पुन्हा बांधलं. बसलं.

पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. त्याने ते पाठवल्यावर बाईंनी एक पान छापून पाहिलं, तर शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या कागदावर जात होत्या. नवी लायब्ररी पानावर मावतात त्याहून दोन ओळी जास्त धरत होती. ते शोधून दुरुस्त करण्यात दुपार गेली. त्याच्या नाकी नऊ आले, पण कंटाळा म्हणून आला नाही. कितीतरी वर्षांनी आपली कुणाला तरी गरज आहे असं त्याला वाटत होतं, आणि ते फार बरं वाटत होतं.

साडेपाचला बाईंचा फोन आला. शाळेतल्या अंध मास्तरांनी पहिली प्रश्नपत्रिका बोटांनी वाचून पाहिली होती, एकही चूक नव्हती. बाईंचा आवाज पार बदलला होता. सकाळी फार तोडून बोलले, घाबरले होते हो, म्हणाल्या. दहा वेळा आभार मानले. तो म्हणाला, आभार मीच मानायला हवेत. मग त्याला राहवलं नाही.

"बाई, रागावू नका, पण एवढ्या वर्षांत एक ओळ तरी लिहायची होती. कुणी वापरतच नाही असं समजून मी आज ते काढून टाकत होतो."

पलीकडे बाईंनी मशीनच्या खडखडीवर आवाज चढवला.

"अहो, आम्ही नऊ वर्षं रोज वापरतोय," बाई म्हणाल्या. "कधी बिघडलंच नाही, तर लिहिणार काय?"