आईची गोळी

"आयुष्यभर घ्यायची? म्हणजे आयुष्य आहे म्हणायचं अजून!" क्षयाच्या वॉर्डात दुसऱ्या आजाराची पहिली गोळी गिळून बाबा नर्सला म्हणाले, आणि शहाळं पिऊन झोपले.

त्याच आठवड्यात ते गेले.

"दादा चांगला बोलत होता. त्या नव्या गोळीनंच घात केला," आत्या येईल त्याला सांगत राहिली. तपासणीनंतर आईलाही तीच गोळी सुरू झाली होती, हे आत्याला ठाऊक नव्हतं.

पाहुणे पांगल्यावर आईनं गोळी हातात घेतली आणि परत डबीत ठेवली. "नको गं. हिनंच नेलं त्यांना."

त्या आजाराचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नव्हतं, मीसुद्धा.

"आई, बाबांना एचआयव्हीनं नेलं," मी म्हणाले. "गोळी त्यांना उशिरा मिळाली. तुला वेळेत मिळाली आहे. मला तू हवी आहेस."